ऑटिस्टिक स्त्री आणि थेरपी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपण ऑटिस्टिक असू शकतो, हे अनेक बायकांच्या पहिल्यांदा लक्षात येतं ते स्वतःच्या मुलाच्या तपासणीच्या वेळी. कपड्यांच्या शिवणी टोचतात का, ठरलेलं ऐनवेळी बदललं तर त्रास होतो का, असं डॉक्टर मुलाबद्दल विचारत असतात आणि आईला उत्तरं स्वतःच्या लहानपणातली सुचत जातात. तोवर तिला 'घुमी', 'शिष्ट', 'फटकळ', 'माणूसघाणी' ही नावं मिळून गेलेली असतात. कधीतरी डिप्रेशनच्या गोळ्याही घेऊन झालेल्या असतात. मग ती थेरपीचा विचार करते आणि गैरसमज आडवे येऊ लागतात. काही घरच्यांचे, काही तिचे स्वतःचे, काही खुद्द थेरपिस्टचे. सर्वांत जास्त नुकसान या शेवटच्यांनी होतं.

'नजरेला नजर देऊन बोलतेस, नोकरी करतेस, संसार केलास. तू कसली ऑटिस्टिक?'

ऑटिझमचं आपल्या मनातलं चित्र मुलग्यांवरून काढलेलं आहे. लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या प्रसिद्ध निबंधात ११ मुलं होती, त्यांत मुली फक्त ३. हान्स आस्परगर यांनी १९४४ मध्ये ज्या चौघांचं वर्णन केलं ते सगळे मुलगे. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी त्याआधीच, १९२० च्या दशकात, अशा मुलग्यांबद्दल आणि पाठोपाठ मुलींबद्दलही लिहिलं होतं. पण त्यांच्या कामाकडे अनेक दशकं कुणाचं लक्ष गेलं नाही. एका मुलीमागे चार मुलगे, हे प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं जात राहिलं. २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा ते तिनाच्या आसपास भरलं, आणि मुलींचं निदान हुकत असावं याला आधार मिळाला.

ते हुकण्याचं एक मोठं कारण म्हणजे मास्किंग. वर्गातल्या एखाद्या लाडक्या मुलीची बोलण्याची ढब उचलायची, समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दोन भुवयांच्या मधे बघायचं, हळदीकुंकवाला कुणाशी काय बोलायचं ते आदल्या रात्री घोकून ठेवायचं. पाहुण्यांसमोर मुलीने हसतमुख असावं, ही आपल्या घरांतली शिकवण या लपवण्याला लहानपणापासून खतपाणी घालते. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. घरी आल्यावर मात्र तिला कुकरची शिट्टीही सहन होत नाही.

याची किंमत जिवावर बेतणारी असू शकते. ब्रिटनमध्ये प्रौढ वयात ऑटिझमचं निदान झालेल्या ३७४ जणांच्या पाहणीत (२०१४) ६६ टक्के लोकांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. २०१८ च्या पुढच्या अभ्यासात मास्किंगचा आणि या धोक्याचा थेट संबंध दिसला. असे विचार येत असतील तर पहिल्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

'थेरपी घेतली की नॉर्मल होईल'

ऑटिझम काढून टाकणारी थेरपी नाही आणि तसं औषधही नाही. थेरपी असते ती चिंतेसाठी, नैराश्यासाठी, थकव्यासाठी, जुन्या छळाच्या जखमांसाठी आणि 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' या खोल गेलेल्या समजुतीसाठी. यांतल्या चिंता-नैराश्यावर सायकिॲट्रिस्ट औषधं देतात, ती घेण्यात कमीपणा नाही. पण थेरपीचं ध्येय 'चारचौघांत मिसळायला लागली पाहिजे' असं ठरत असेल, तर तिथे तिला मास्किंगचाच पुढचा धडा मिळणार आहे. तो तिला आधीच नको इतका येतो.

'कसं वाटतंय ते सांगतच नाही, म्हणजे तिलाच बदलायचं नाही'

हा थेरपिस्टचा गैरसमज. 'कसं वाटतंय?' या प्रश्नापुढे अनेक ऑटिस्टिक बायका गप्प होतात, आणि त्या गप्पपणाची नोंद 'सहकार्य नाही' अशी होते. आपल्याला नेमकं काय वाटतंय ते ओळखता आणि शब्दांत सांगता न येणं, याला अलेक्सिथायमिया म्हणतात. २०१९ च्या एका एकत्रित आढाव्यात ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये ते आढळलं, इतरांमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास. भावना तिथे असते, तीव्रही असते. तिचं नाव सापडायला वेळ लागतो. सोमवारच्या प्रश्नाचं खरं उत्तर बुधवारी भांडी घासताना सुचतं.

म्हणून प्रश्न बदलावा लागतो. 'आठवडा कसा गेला?' हे फार मोघम झालं. 'मंगळवारच्या मीटिंगनंतर घरी येऊन काय केलंस? जबडा आवळला होता का? जेवण गेलं का?' याची उत्तरं देता येतात. बुधवारी सुचलेलं ती लिहून पाठवू शकली आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात झाली, तर काम पुढे सरकतं.

महाराष्ट्राच्या संदर्भात एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती किशोर फडके यांच्यामुळे मराठी वाचकांपर्यंत पोहोचली आणि असंख्य लोकांना तिचा उपयोग झाला. पण 'मला हे सहन होत नाही' या वाक्याला अविवेकी विचार ठरवण्याआधी ते 'हे' म्हणजे काय, याची चौकशी व्हायला हवी. 'लोक माझ्यावर रागावले तर मी संपले' हा विचार तपासता येतो. ट्यूबलाइटची गुणगुण, लोकलमधले धक्के, लग्नाच्या हॉलमधला बँड यांनी होणारा त्रास हा शरीराचा अनुभव आहे. त्याच्याशी वाद घालून तो जात नाही. त्यासाठी कानात इअरप्लग आणि हॉलमधून लवकर निघायची मुभा लागते. हा फरक न करणारा थेरपिस्ट तिला आयुष्यभर ऐकलेलंच पुन्हा ऐकवतो: त्रास खरा नाही, तूच फार मनाला लावून घेतेस.

'बोलण्याच्या थेरपीचा अशांना उपयोग नाही'

जशीच्या तशी वापरली तर कमी होतो. बदल केले तर होतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये प्रौढांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे बदल दिले आहेत: सत्राला ठरलेली रचना असावी, लेखी आणि चित्रांची मदत जास्त घ्यावी, नियम उघडपणे सांगावेत, रूपकं आणि मोघम भाषा टाळावी, मधे विश्रांती द्यावी, आवडीच्या विषयाचा आधार घ्यावा. यातलं काहीही महागडं नाही.

'एडीएचडी आहे, म्हणजे ऑटिझम नाही'

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने २०१३ पर्यंत ही दोन्ही निदानं एकत्र करू दिली नव्हती. आता करता येतात, आणि दोन्ही असणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.

'आधी सर्टिफिकेट, मग थेरपी'

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत ऑटिझम आहे, आणि प्रमाणपत्र लागतं ते त्या कायद्याखालच्या सवलतींसाठी. थेरपी सुरू करायला 'मला अशी शंका आहे' एवढं पुरेसं आहे.

'सासरी कळेल'

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे ठरावीक अपवाद सोडले, तर परस्पर नवऱ्याला किंवा आईला फोन करून सांगणं नियमात बसत नाही. पहिल्याच भेटीत हे अपवाद कोणते, ते विचारून घ्यावं.

आणखीही विचारता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागण्यात संकोच नको. प्रौढ ऑटिस्टिक बायकांबरोबर काम केलंय का? फोनऐवजी मेसेजवर वेळ ठरवता येईल का? समोरचा दिवा बंद चालेल का? मी लिहून आणलेलं वाचून दाखवलं तर? बोलताना जमिनीकडे बघितलं तर? हे प्रश्न कागदावर लिहून तो कागदच पुढे केला तरी चालतो.

थेरपीच्या खोलीतही मास्किंग सुरू होतं, कारण ते सवयीने आपोआप होतं. थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून ती 'हो, आता खूप छान वाटतंय' म्हणते आणि घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहते. असं झालं तर पुढच्या वेळी तेच सांगावं: 'मागच्या वेळी मी इथेही नाटक केलं.' चांगला थेरपिस्ट हे ऐकून सावरून बसेल आणि काय बदलू ते विचारेल. सांगूनही काही बदलत नसेल, तर दुसरा थेरपिस्ट शोधावा. मागच्याला दोन ओळींचा मेसेज पुरे, कारण द्यायलाच हवं असं नाही.