तारीख अलीकडे की पलीकडे?

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या कुठल्याही दवाखान्यात शुक्रवारची वेळ बुधवारी हवी असेल, तर ‘प्रीपोन करा’ म्हणा; काउंटरवर कुणी गोंधळणार नाही. हा शब्द निव्वळ देशी मात्र नाही. याच अर्थाने तो १९१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या एका पत्रात आला होता. तिकडे रुजला नाही, आपल्याकडे रुजला. म्हणून अमेरिकन गिऱ्हाइकाला ‘मूव्ह अप’ लिहावं, लंडनवाल्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’.

मराठी माणूस फसतो तो इथेच. आपण ‘पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा तारीख लांबते. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ने ती अलीकडे येते. नुसतं ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर इंग्रजांनाही चकवतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस सरकवली, की कुणी सोमवार धरतो, कुणी शुक्रवार.

लांबवायला ‘पोस्टपोन’ सरळ आहे. ‘अ‍ॅडजर्न’ कोर्टासाठी आणि सभांसाठी राहू द्या, दाताच्या डॉक्टरला नको. दिशा सांगायचीच नसेल तर ‘रीशेड्यूल’ पुरे; फक्त नवा वार, तारीख आणि वेळ लिहा. परदेशी गिऱ्हाईक असेल तर वेळ कुठल्या देशाची, तेही.