फुकटच्या पेनाची किंमत

आपल्या अकोल्यांतील एखाद्या मोठ्या दवाखान्यांत सकाळीं जाऊन बसलें असतां एक देखावा सहज दृष्टीस पडतो. बाहेरच्या बाकावर बाळापूर, अकोट, बार्शीटाकळी येथून आलेले रोगी आपला क्रमांक केव्हां लागतो याची वाट पाहत असतात. इतक्यांत गळ्यांत टाय व हातांत चामडी बॅग घेतलेला एक तरुण गृहस्थ येतो, आपली चिठ्ठी आंत पाठवितो आणि थोड्याच वेळानें आंत जातो. तो रोगी नसतो. औषधें तयार करणाऱ्या कंपनीचा तो प्रतिनिधि, म्हणजे ज्यास आपण 'एम्. आर.' म्हणतों, तो असतो. डॉक्टरांच्या मेजावरील पेन व दिनदर्शिका यांवर एखाद्या औषधाचें नांव छापलेलें असतें, तें बहुधा अशाच कोणाच्या हातून आलेलें असतें. या गृहस्थाविषयीं मनांत राग धरण्याचें कारण नाहीं. तोही कोणाचा तरी मुलगा आहे, आणि ठरलेली विक्री न दाखविल्यास नोकरी जाण्याचा धाक त्याला असतो. प्रश्न त्याचा नसून त्या पेनाचा आहे.

एकच औषध पुष्कळ नांवांनीं विकलें जातें, ही गोष्ट सर्वांस ठाऊक नसते. तापावर आपण जें पॅरासिटामॉल घेतों, तें मूळ द्रव्याचें नांव होय. त्याच द्रव्याला प्रत्येक कंपनी आपलें निराळें व्यापारी नांव देते व किंमतही निराळी लावते. दुकानांतून साखर आणतांना कोणती घ्यावी हें गिऱ्हाईक ठरवितें. औषधाच्या बाबतींत मात्र निवड करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा! डॉक्टर चिठ्ठीवर जें नांव लिहितील तें रोग्यानें मुकाट्यानें विकत घ्यावयाचें. म्हणून कंपनी आपली जाहिरात रोग्यापुढें न करतां डॉक्टरांपुढें करते. आणि तिचा खर्च मात्र निघतो तो कापूस-सोयाबीन विकून आणलेल्या पैशांतून.

'एवढ्याशा पेनानें का कोणी विकत घेतला जातो?' असें पुष्कळ सज्जन डॉक्टर म्हणतात, व तें मनापासून म्हणतात. याची परीक्षा अमेरिकेंतील दोन विद्यापीठांत झाली आणि तिचा निष्कर्ष 2009 मध्यें प्रसिद्ध झाला. वैद्यकाच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या हातीं एका औषधाचें व्यापारी नांव छापलेलें लिहिण्याचें पॅड व कागद सहज म्हणून दिले. इतरांना कोरे दिले. मग त्या औषधाविषयीं व त्याच्या स्पर्धक औषधाविषयीं त्यांच्या मनाचा कल कोणीकडे आहे याची चांचणी घेतली. मायामी विद्यापीठांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा कल छापलेल्या नांवाकडे अधिक झुकला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत उलट घडलें. तेथें तें नांव पाहून विद्यार्थी त्या औषधापासून दूरच सरले. दोहोंत भेद एवढाच सांगतां येतो कीं, पेनसिल्व्हेनियांत कंपन्यांच्या भेटींवर कडक निर्बंध होते, मायामींत तसे नव्हते. म्हणजे पेनाचा परिणाम होतो. पण विद्यालयानें घालून दिलेल्या वळणाचाही होतो.

हें वळण लावण्याचें काम तेथील विद्यार्थ्यांनींच अंगावर घेतलें. अमेरिकेंतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघानें 2002 मध्यें त्यासाठीं चळवळ आरंभिली. आम्ही औषधकंपन्यांकडून पैसा, भेट वा मेजवानी घेणार नाहीं आणि औषधांची माहिती निःपक्षपाती ठिकाणाहून मिळवूं, अशी प्रतिज्ञा विद्यार्थी करूं लागले. 2007 पासून तर त्यांनीं विद्यालयांनाच गुण देण्यास प्रारंभ केला. परीक्षकांची परीक्षा! तींत हार्वर्डसारख्या नामांकित विद्यालयावर नापासाचा शेरा बसला. तेथील पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला शंका आली कीं, कोलेस्टेरॉलच्या औषधांचे गुण वर्णन करणारे आपले अध्यापक, दुष्परिणामांविषयीं विचारणाऱ्या मुलाला उडवून कां लावतात? शोध घेतां कळलें कीं, हे गृहस्थ 10 औषधकंपन्यांचे सशुल्क सल्लागार होते, आणि त्यांपैकीं 5 कंपन्या कोलेस्टेरॉलचींच औषधें करीत. दोनशेंहून अधिक विद्यार्थी व अध्यापक एकत्र आले, आणि 2010 मध्यें हार्वर्डनें आपले नियम कडक केले.

आपल्याकडेही ही जाणीव आजची नव्हे. 1974 मध्यें कांहीं तरुण डॉक्टर व विद्यार्थी यांनीं 'मेडिको फ्रेंड सर्कल' नांवाचें मित्रमंडळ स्थापिलें. पुढें गडचिरोलींत नांवारूपास आलेले डॉ. अभय बंग हे त्यांतील आरंभीच्या मंडळींपैकीं एक. त्या काळीं गर्भ राहिला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचीं मोठ्या मात्रेचीं औषधें दिलीं जात, आणि त्यांपासून गर्भाला इजा होण्याचें भय होतें. या मंडळानें व स्त्री-संघटनांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. 1982 मध्यें सरकारनें बंदी घातली. कंपन्या न्यायालयांत गेल्या. बंदी कायम होण्यास 1988 साल उजाडलें. मध्यें सहा वर्षें गेलीं!

भेटींविषयींचा नियम त्याहूनही उशिरा आला. भारतीय वैद्यक परिषदेनें डिसेंबर 2009 मध्यें डॉक्टरांस कंपन्यांकडून भेटवस्तु, प्रवासखर्च, पाहुणचार व रोख रक्कम घेण्यास मनाई केली. परंतु हें बंधन घेणाऱ्यावर होतें. देणारा मोकळाच राहिला. एका कंपनीनें डॉक्टरांना दिलेलीं सोन्याचीं नाणीं, दूरचित्रवाणी-संच, शीतकपाटें, लॅपटॉप इत्यादिकांचा 4 कोटी 72 लाखांहून अधिक खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र उत्पन्नांतून वजा मागितला! फेब्रुवारी 2022 मध्यें सर्वोच्च न्यायालयाचे न्या. उदय लळित व न्या. रवींद्र भट यांनीं ती मागणी फेटाळली. अशा भेटी खऱ्या अर्थानें फुकट नसतात, त्यांची किंमत औषधाच्या दरांत चढते, हें न्यायालयानें स्पष्ट केलें. मार्च 2024 मध्यें केंद्र सरकारनें कंपन्यांसाठीं नवी आचारसंहिता काढली. तिच्या अन्वयें भेटवस्तु देणें वर्ज्य आहे, व नमुन्याचीं औषधेंही एका डॉक्टरास एका औषधाचीं वर्षाकाठीं 12 पाकिटांहून अधिक देतां येत नाहींत. मात्र तक्रार ऐकावयाची ती कंपन्यांच्याच संघाच्या समितीनें. सुनेनें सासूविरुद्धची फिर्याद सासूपुढेंच मांडावी, तशांतलाच हा प्रकार.

अकोल्यांत 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 'नीट' परीक्षेच्या शिकवण्यांसाठीं साऱ्या वऱ्हाडांतून मुलें-मुली येथें येऊन राहतात. आपल्या शाळेंतीलही कित्येक त्या वाटेनें जातील, आणि औषधाचें नांव छापलेलें पहिलें पेन त्यांच्यापुढें बहुधा विद्यार्थिदशेंतच येईल. पालकांनीं तोंवर दवाखान्यांतून निघतांना एवढें विचारण्यास हरकत नाहीं कीं, 'डॉक्टरसाहेब, या औषधाचें मूळ नांव काय? त्याच द्रव्याचें स्वस्त औषध चालेल काय?' डॉक्टरांनीं शक्य तोंवर मूळ नांवानें औषध लिहावें, असें परिषदेच्या 2002 च्या नियमांतच सांगितलेलें आहे. तेव्हां हा प्रश्न उद्धटपणाचा ठरत नाहीं. बहुतेक डॉक्टर त्यानें रागावत नाहींत. कांहीं तर चिठ्ठी परत मागून घेऊन तिच्यावर दुसरें नांव लिहून देतात.