पडद्यावरील मराठीची नोंद : लॅपटॉपवर स्क्रीनशॉट कसा आणि का काढावा

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर तुम्हांला

• स्क्रीनशॉट आणि नक्कल करून घेतलेला मजकूर यांतील फरक सांगता येईल.
• लॅपटॉपवर गरजेनुसार पूर्ण पडद्याचा किंवा निवडक भागाचा स्क्रीनशॉट काढता येईल.
• स्क्रीनशॉटची भाषिक पुरावा म्हणून शिस्तशीर नोंद ठेवता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावच्या एका विद्यार्थिनीने आपल्याच गावाच्या नावावर प्रकल्प घेतला होता. तालुक्याच्या या गावाचे नाव निरनिराळ्या संकेतस्थळांवर कसे लिहिले जाते, हे ती दोन महिने वहीत टिपत होती. वही तपासताना लक्षात आले की, जवळजवळ प्रत्येक नोंदीत तिने ‘राळेगाव’ असेच लिहिले होते. त्याबद्दल विचारल्यावर ती प्रांजळपणे म्हणाली, “सर, तिथं वेगळं होतं, पण लिहिताना हात आपोआप बरोबर लिहीत गेला.” मूळ पाने पुन्हा उघडून पाहिली, तर त्यांतील काही तोवर बदलली होती आणि काही नाहीशी झाली होती. तिचे कष्ट खरे होते, निरीक्षणही खरे होते. परंतु पुरावा उरला नव्हता. प्रकल्प तिला नव्याने करावा लागला.

पडद्यावर हे नाव कुठे ‘राळेगाव’, कुठे ‘राळेगांव’, तर कुठे ‘रालेगाव’ असे दिसते. यांतील प्रत्येक रूपामागे कारण आहे. १९६२ साली स्वीकारलेल्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. ‘गांव’ हे त्यापूर्वीच्या लेखनाचे अवशिष्ट रूप होय. ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, तो बहुधा रोमन लिपीतून नाव पुन्हा देवनागरीत आणताना. कारण रोमन लेखनात ‘ल’ आणि ‘ळ’ यांसाठी एकच अक्षर वापरले जाते. असे भेद टिपायचे असतील, तर आपला हात मध्ये न येता नोंद व्हायला हवी. स्क्रीनशॉट हे त्याचे साधन आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

स्क्रीनशॉट म्हणजे संगणकाच्या पडद्यावर त्या क्षणी जे दिसत आहे, त्याचे संगणकानेच तयार केलेले चित्र. हा शब्द मराठीत पुल्लिंगी रुळला आहे आणि त्याला ‘काढणे’ हे क्रियापद जोडले जाते. चित्र काढणे, फोटो काढणे या जुन्या प्रयोगांच्या रांगेत तो सहज बसला. कळफलकावरील ‘प्रिंट स्क्रीन’ या कळीची कथाही अर्थांतराचे चांगले उदाहरण आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीवर या कळीच्या साहाय्याने पडद्यावरील मजकूर खरोखरच मुद्रकाकडे पाठवता येई. आज ती दाबल्यावर काहीही छापले जात नाही. कार्य बदलले, नाव मात्र टिकले.

अक्षराचा संकेत आणि अक्षराची आकृती

पडद्यावरील मजकूर दोन प्रकारे जतन करता येतो : निवडून त्याची नक्कल घेणे, किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढणे. या दोन रीतींत निरनिराळ्या गोष्टी टिकतात.

आजचा संगणक मजकूर साठवताना अक्षरांची चित्रे साठवत नाही. प्रत्येक वर्णाला युनिकोड व्यवस्थेत नेमून दिलेला संकेत साठवतो. पडद्यावर दिसणारी आकृती फॉन्ट पुरवतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मधील निर्णयात देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ वापरण्यास सांगितले आहे. परंतु ‘श’ देठयुक्त असो किंवा हिंदी मुद्रणात रूढ असलेल्या वळणाचा असो, त्याचा संकेत एकच असतो. म्हणून मजकुराची नक्कल केली, की संकेत येतात आणि मूळ आकृती मागे राहू शकते. तुमच्या लॅपटॉपमधील फॉन्ट त्यांना स्वतःची आकृती देतो. स्क्रीनशॉटमध्ये याच्या उलट घडते. आकृती जशीच्या तशी येते, पण संकेत हरवतात. संगणकाच्या दृष्टीने ते केवळ रंगीत ठिपके असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही.

काही ठिकाणी मात्र स्क्रीनशॉटला पर्याय नसतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेल्या जुन्या पीडीएफ धारिकांतील मजकूर नक्कल केला, तर अनेकदा रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गुंता हाती येतो. तसेच ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) आणि ‘दर्या’ (समुद्र) यांतील रकाराचा भेद एखादा फॉन्ट नीट दाखवत नसेल, तर तो दोष आकृतीतच दिसतो. म्हणून शक्य तेथे दोन्ही नोंदी ठेवाव्यात : रूप दाखवण्यासाठी स्क्रीनशॉट आणि शोधण्यासाठी मजकूर.

प्रत्यक्ष कृती

विंडोज प्रणालीच्या लॅपटॉपवर पुढील रीती उपयोगी पडतात.

१. पूर्ण पडदा, थेट धारिका : ‘विंडोज’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ या कळा एकत्र दाबा. चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये जमा होते.

२. निवडक भाग : ‘विंडोज’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ या तीन कळा एकत्र दाबा. पडदा मंद होतो. हवा तो भाग माउसने ओढून निवडा. चित्र संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत जाते. वर्डची धारिका उघडून ‘कंट्रोल’ आणि ‘व्ही’ दाबल्यास ते तेथे उमटते. दुसरे काही नक्कल करण्यापूर्वी ते चिकटवून किंवा जतन करून घ्या.

३. केवळ चालू खिडकी : ‘आल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ एकत्र दाबा व चित्र वरीलप्रमाणेच चिकटवा.

काही लॅपटॉपवर ‘प्रिंट स्क्रीन’चे काम दुसऱ्या कळीवरच दिलेले असते, तेथे सोबत ‘एफएन’ ही कळही दाबावी लागते. ॲपलच्या मॅक लॅपटॉपवर ‘शिफ्ट’, ‘कमांड’ आणि ‘३’ या कळांनी पूर्ण पडद्याचे, तर ‘३’ऐवजी ‘४’ दाबल्यास निवडलेल्या भागाचे चित्र मिळते.

चित्र काढण्यापूर्वी ‘कंट्रोल’ आणि ‘अधिक’ चिन्हाची कळ दाबून पानावरील अक्षरे मोठी करून घ्या. चित्र नंतर कितीही मोठे केले, तरी त्यातील तपशील वाढत नाही. अक्षरे केवळ पुसट होतात. ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ यांत एका टिंबाचाच फरक आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. याच कारणासाठी चित्र पीएनजी स्वरूपात ठेवा. जेपीईजी स्वरूपात आकार कमी करताना अक्षरांच्या कडा बिघडतात. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवायचे झाल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

नोंदीची शिस्त

प्रत्येक उदाहरणाचे दोन स्क्रीनशॉट काढा. पहिला पूर्ण पडद्याचा, ज्यात संकेतस्थळाचा पत्ता आणि संगणकावरील तारीख-वेळ दिसेल. दुसरा केवळ अभ्यासायच्या शब्दाचा किंवा वाक्याचा. पहिला पुराव्यासाठी, दुसरा विवेचनासाठी. धारिकेला लगेच अर्थपूर्ण नाव द्या, उदाहरणार्थ, ‘राळेगाव-बाजारभाव-०१’. सोबत वहीत क्रमांक, पत्ता, दिनांक, दिसलेले रूप आणि तुमची टिप्पणी असे पाच रकाने आखा. शेकडो चित्रे जमल्यावर नोंदवहीवाचून त्यांतील एकही हाती लागत नाही.

पुराव्याच्या मर्यादा

स्क्रीनशॉट पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. तीन गोष्टी तपासा. पहिली, ब्राउझरचे स्वयंचलित भाषांतर चालू होते काय? तसे असेल, तर ‘रालेगाव’ हे रूप संकेतस्थळाच्या लेखकाचे नसून यंत्राचे असू शकते. दुसरी, आढळलेला भेद वर्णाचा आहे की आकृतीचा? तेच पान दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर उघडा. ‘श’चे वळण बदलले, तर तो फॉन्टचा परिणाम, ‘ळ’च्या जागी ‘ल’ तेथेही कायम राहिला, तर भेद मजकुरातच आहे. तिसरी, चित्रात नंतर फेरफार करता येतो. म्हणून मूळ धारिका अस्पर्शित ठेवावी आणि खुणा करण्यासाठी तिची प्रत वापरावी.

आणखी एक जबाबदारी आहे. कापसाच्या भावांविषयीच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात तुम्हांला वऱ्हाडी बोलीची सुंदर रूपे आढळतील. परंतु तेथील संदेश विश्वासाने लिहिलेले असतात. लिहिणाऱ्याची अनुमती घ्या. नावे, छायाचित्रे आणि भ्रमणध्वनी क्रमांक कापून किंवा पूर्णपणे झाकून टाका. आपल्याला बोलीचा अभ्यास करायचा आहे, बोलणाऱ्याला उघडे पाडायचे नाही.

सारांश

हाताने उतरवताना आपण नकळत दुरुस्ती करतो. नक्कल केलेल्या मजकुरात संकेत टिकतो, तर स्क्रीनशॉटमध्ये आकृती टिकते. पत्ता, दिनांक आणि टिप्पणी जोडल्यावरच स्क्रीनशॉट भाषिक पुरावा म्हणून उपयोगी पडतो. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने दुसऱ्या वेळी प्रत्येक रूपासोबत स्क्रीनशॉट जोडला. त्या वेळी तिच्या वहीतील ‘रालेगाव’ ही चूक राहिली नव्हती. ते तिचे निरीक्षण झाले होते.

स्वाध्याय

१. तुमच्या गावाचे किंवा तालुक्याचे नाव पाच संकेतस्थळांवर कसे लिहिले आहे, ते पाहा. प्रत्येकाचे दोन स्क्रीनशॉट काढून वरीलप्रमाणे नोंदवही तयार करा.
२. आढळलेल्या भेदांपैकी वर्णाचे कोणते आणि आकृतीचे कोणते, ते कारणांसह लिहा.