क्षुब्ध वाणी आणि दंभ

एखादा पुढारी सभेंत तावातावानें बोलतो, आणि पुढें त्याचें आचरण त्या शब्दांशीं जुळत नाहीं असें दिसलें म्हणजे लोक त्यास ढोंगी ठरवून मोकळे होतात. हा निवाडा वाटतो तितका सोपा नाहीं. ऐकणाराची फसवणूक व्हावी म्हणून जाणूनबुजून खोटें सांगणें हें असत्य. आपण जें मानीत नाहीं तें मानतों असें भासवून लाभ साधणें हा दंभ. गीतेच्या सोळाव्या अध्यायांत आसुरी संपत्तीच्या यादींत त्याचाच उल्लेख प्रथम येतो. परंतु संतापलेली आई मुलास ‘तंगडें मोडीन’ म्हणते तेव्हां ती यांपैकीं कांहींच करीत नाहीं, व मुलासहि तें पुरतें कळतें.

राजकारणांत हा भेद पारखावयाचा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें उदाहरण भंडारा जिल्ह्यास सर्वांत जवळचें आहे. २ सप्टेंबर १९५३ रोजीं राज्यसभेंत आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा प्रश्न निघाला, आणि राज्यघटना तुम्हींच केली ना, असें त्यांस ऐकविण्यांत आलें. तेव्हां ते उसळून म्हणाले कीं, आपण केवळ सांगकामे होतों, आणि ही घटना जाळणारा पहिला मनुष्य आपणच असूं. घटनेच्या शिल्पकाराच्या तोंडीं हे शब्द! विरोधकांच्या हातीं आयतें कोलीत मिळालें.

१९ मार्च १९५५ रोजीं त्याच सभागृहांत त्यांस या उद्गारांचा जाब विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा आशय असा: देवासाठीं मंदिर बांधलें, पण देवाच्या आधीं त्यांत असुर येऊन बसले, तर मंदिर पाडण्यावांचून दुसरें काय करावें? ही मागाहून सुचलेली सारवासारव नव्हती. घटना कितीहि चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाल्यास ती वाईट ठरेल, हें त्यांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत शांतपणें सांगितलेंच होतें. विचार तोच, १९५३ सालीं त्यास ज्वाळा फुटल्या इतकेंच. ‘सांगकामे’ हें म्हणणें मात्र सहजासहजीं पचत नाहीं. ज्या कलमांचें त्यांनीं घटनासमितींत हिरीरीनें मंडन केलें, त्यांची जबाबदारी त्या एका शब्दानें झटकली जात होती. तेथें क्षोभानें सत्यास थोडी इजा केली असें म्हणणें भाग आहे.

या दोन भाषणांच्या मधल्या काळांत, १९५४ च्या मे महिन्यांत, भंडाऱ्यास लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हां मध्यप्रदेश राज्यांत होता. डॉ. आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार होते, आणि पंडित नेहरूंच्या सरकारवर, विशेषतः परराष्ट्रधोरणावर, त्यांनीं कडक टीका चालविली होती. मतदारसंघ दोन जागांचा. प्रत्येकास दोन मतें, पण दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. राखीव जागा अनुसूचित जातींतील सर्वाधिक मतें मिळविणाऱ्यास. दुसरी, उरलेल्या सर्वांत जो पुढें असेल त्यास, मग तो कोणत्याहि जातीचा असो. म्हणून आपलें एक मत बाबासाहेबांस देऊन दुसरें वाया घालविणें, म्हणजे लोकांच्या भाषेंत तें ‘कुजविणें’, त्यांच्या अनुयायांस फायद्याचें होतें. तसें झालें असतें तर सर्वसाधारण जागेसाठीं उभे असलेले प्रजासमाजवादी अशोक मेहता मागें पडून तीहि जागा आटोक्यांत आली असती.

हाच डाव १९५२ सालीं मुंबईंत त्यांच्यावर उलटला होता. तेथें सुमारे ७४,००० मतें बाद झालीं आणि ते सुमारे १४,५०० मतांनीं पडले. मतें कुजविण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार त्यांनीं व अशोक मेहता यांनीं मिळून केली होती. ती फेटाळली गेली. आतां तीच युक्ति त्यांच्या माणसांनीं त्यांच्यापुढें मांडली. ज्यानें घटना केली त्यानें मत वाया घालविण्याचा सल्ला देणें शोभत नाहीं, पराभव झाला तरी चालेल, असें सांगून त्यांनीं ती नाकारली, अशी आठवण त्यांच्या चळवळींत सांगितली जाते.

घटना जाळीन म्हणणाऱ्याचें हें वर्तन. दांभिक मनुष्य नेमकें याच्या उलट करतो. तोंडीं घटनेचा जयजयकार आणि मतपेटीपाशीं डाव.

निकालांत राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांस व सर्वसाधारण जागा अशोक मेहता यांस मिळाली. डॉ. आंबेडकर पराभूत झाले, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजीं निधन होईपर्यंत राज्यसभेचेच सभासद राहिले.