कामाचा कागद मशीनजवळ लिहावा

‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट, दोन वर्षांचा अनुभव.’ चाकणच्या एमआयडीसीत फाटकाफाटकांवर अशा पाट्या दिसतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या तिथल्या एका कारखान्याच्या एचआर विभागात मी ही भरती जवळून पाहिली. भरतीचं काम बघणाऱ्या मॅडमनी कामाच्या वर्णनाचा जुना कागद बाजूला ठेवला, सेफ्टी शूज चढवले आणि ज्या मशीनवर माणूस हवा होता तिथे पहिल्या पाळीत जाऊन उभ्या राहिल्या.

जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये लावायचा आणि बटण दाबायचं, एवढं कुणालाही दिसतं. त्यांच्या वहीत बरंच अधिक उतरत होतं. ऑपरेटर ठरावीक नगांनंतर मायक्रोमीटरने व्यास मोजत होता, माप सरकायला लागलं की मशीनला ऑफसेट देऊन ते सुधारत होता, कटिंगचा आवाज बदलला की कापणारं इन्सर्ट तपासत होता. मधेच चिप्स ओढून काढणं, कूलंट भरणं, तपासणीच्या तक्त्यावर आकडे लिहिणं. जॉबचं वजन किती, हेही मॅडमनी विचारलं; पाळीभर तो उचलायचा असतो. मग म्हणाल्या, “दादा, नवीन माणूस इथे कुठे चुकतो?”

“मोजायचा कंटाळा करतो, मॅडम.”

जुन्या कागदात हे कुठेच नव्हतं.

मुलाखतीच्या टेबलावर म्हणून मायक्रोमीटर आणि एक जॉब आला. समोर बीड, लातूर, नांदेडकडची मुलं. बोलताना अडखळणाऱ्या एकाने सगळी मापं अचूक घेतली. नुसत्या प्रश्नोत्तरांत तो नक्की मागे पडला असता. रात्रपाळी, कापून हातात पडणारा पगार, कंपनीची बस कुठवर येते, हे सगळं निवडीआधीच सांगितलं गेलं. ते ऐकून एक जण उठून गेला. मॅडमनी त्याला थांबवलं नाही. महिन्याभराने सोडून जाण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

अशी उघड निकषांवरची भरती कामगाराला सहज मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणूस कामावर घ्यायचा की नाही हे जॉबर ठरवायचा आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, घ्यायचा. १९३१ साली व्हिटली आयोगाने भरतीचं काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी शिफारस केली. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. आज ठेकेदारामार्फत येणाऱ्या मुलांच्या वाट्याला मायक्रोमीटरची ही चाचणी क्वचितच येते, तेव्हा आपण पुन्हा जॉबरच्याच दारात उभे आहोत असं मला वाटतं. हे बदललं पाहिजे.

रुजू होण्याच्या दिवशी मात्र मी सर्वांत जास्त शिकलो. फॉर्मचा गठ्ठा पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हटलं की काम दहा मिनिटांत उरकतं. मॅडमनी त्याला अख्खी सकाळ दिली. जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असेल तर तोच जोडायचा, नाहीतर आधीच्या नोकरीतला पीएफ वेगळाच पडून राहतो. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसाठी त्यातून पाऊण टक्का कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो आणि उपचार घरच्यांनाही मिळतात. ईएसआयच्या कार्डावर आईवडिलांची, बायकोमुलांची नावं बरोबर हवीत, आधारवरच्या स्पेलिंगसह. एका अक्षराच्या फरकाने ऐन गरजेच्या वेळी माणूस खिडकीवर अडकतो.

त्यानंतर नामनिर्देशन. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर पीएफशी जोडलेल्या विमा योजनेतून कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे त्या वयाच्या मुलांना अभद्र वाटतं, ती मान खाली घालतात. मॅडम तरीही थांबल्या नाहीत. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजलं जातं, नवं करावं लागतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

तुमचं लग्न नोकरी लागल्यानंतर झालं असेल, तर पीएफच्या खात्यात नाव कुणाचं आहे ते आजच उघडून पाहा. जमत नसेल तर एचआरकडे जा आणि समोर बसून भरून घ्या. ते त्यांचं काम आहे.