एका गोळीचे दोन आवाज

यवतमाळच्या राळेगाव-केळापूर पट्ट्यात ‘टी-१’ वाघिणीचा विषय निघाला की आजही दोन तट पडतात. १३ माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलेलं होतं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटी परिसरात तिला गोळी घालण्यात आली आणि तिला जिवंत का पकडलं नाही, यावर देशभर धुरळा उडाला. त्या वादात इथे शिरत नाही. पण त्याच पट्ट्यातल्या एका वाचकाने निखळ भौतिकशास्त्राचा प्रश्न विचारलाय: बेशुद्ध करण्याच्या बंदुकीचा फारसा आवाज होत नाही, मग खऱ्या रायफलीलाही सिनेमातल्यासारखा सायलेन्सर का लावत नाहीत? नेम बिघडतो म्हणून? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की, मुलगा एनसीसीच्या कॅम्पात चांदमारीला जाऊन आला आणि त्यानंतर दोन दिवस त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. या पत्रातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे शेवटचंच. त्याकडे येऊच, पण आधी सायलेन्सरचा निकाल लावू.

वनखात्याकडची बेशुद्धीची बंदूक गरीब आवाजाची असते, कारण तिची ताकदच गरीब असते. आत बारूद नसते, दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड असतो. बंदुकीवर दाब दाखवणारा छोटा काटा असतो आणि जनावर किती लांब आहे ते पाहून दाब कमी-जास्त करावा लागतो. उडतं ते सुईचं इंजेक्शन, मागे रंगीत झुपका लावलेलं. त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरही नसतो आणि असूनही चालत नाही, कारण जोरात बसलेली सुई मांसात घुसून हाडापर्यंत इजा करते. कमी दाब दिला तर ती वाटेतच खाली पडते. म्हणून हा खेळ तीस-चाळीस मीटरच्या आतला. रात्र, घाणेरीची जाळी, समोर चिडलेलं जनावर आणि औषध चढायला लागणारी काही मिनिटं, एवढा सगळा हिशेब त्या मवाळ आवाजामागे असतो. हा शांतपणा अंतर आणि वेग गमावून विकत घेतलेला आहे.

रायफलीला अंतर हवं असतं, वेग हवा असतो, आणि तिथेच गोंगाट सुरू होतो. गंमत म्हणजे तो एक आवाज नसतोच. चांदमारीवर निशाण्यांच्या खाली, खंदकात बसून ज्याने टार्गेट वर-खाली केली आहेत त्याला हे सांगावं लागत नाही. मोठ्या रायफलीचा बार झाला की आधी डोक्यावर चाबूक ओढल्यासारखा ‘टक्’ ऐकू येतो आणि मग मागाहून, लांबून, ‘धप्’. पहिला आवाज गोळीचा स्वतःचा, दुसरा नळीच्या तोंडाचा. गोळी ध्वनीच्या पुढे पळते म्हणून क्रम असा उलटा. तीनशे मीटरवरून झाडलेली थ्री-नॉट-थ्रीची गोळी अर्ध्या सेकंदाच्या आतच डोक्यावरून जाते, बंदुकीचा बार मात्र पोचायला सेकंदाचा बराचसा भाग खातो. मधला फरक सुमारे ०.४ सेकंद. या फरकावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधायला सैनिकांना शिकवतात.

या ‘टक्’चा छडा कसा लागला, ती गोष्ट मला फार आवडते; मात्र तिचं श्रेय सगळं एकाच माणसाच्या पदरात पडलंय. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात जखमा इतक्या भयानक आणि खड्ड्यासारख्या दिसू लागल्या की, फ्रेंच लोक स्फोटक गोळ्या वापरतात असा आरोप झाला. मेल्सेन्स नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाचं म्हणणं पडलं की, वेगवान गोळी आपल्या पुढे दाबलेल्या हवेचा गोळा ढकलत नेते आणि जखम त्याने होते. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख हे ऐकून पेटले. ही हवा डोळ्यांनी बघायची! पण प्रागमधल्या त्यांच्या प्रयोगात गोळ्या ध्वनीपेक्षा हळू जात होत्या आणि छायाचित्रात काहीच उमटत नव्हतं. त्यांनी फ्यूमच्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकाच्या, नौदल अकादमीतले प्राध्यापक पीटर साल्खर यांना पत्र लिहिलं. साल्खरकडे वेगवान लष्करी रायफली होत्या.

आता कल्पना करा, साल १८८६. वेगवान कॅमेरा नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. गोळीनेच तारांचं सर्किट जोडायचं, त्या क्षणी विजेची ठिणगी पडायची आणि ठिणगीच्या निमिषभराच्या उजेडात काचेवर चित्र उमटायचं. चित्रही केवढं? इतकं बारीक की भिंगाखाली धरल्याशिवाय काही कळू नये. साल्खर आणि त्यांचे सहकारी रीग्लर यांनी ते जमवलं. गोळीच्या नाकावरून मागे पसरत गेलेले दोन काळे पाय, नावेच्या पुढच्या टोकापासून पाण्यात फुटतात तसे, काचेवर स्पष्ट आले. १८८७ साली माख आणि साल्खर या दोघांच्या नावे निबंध निघाला. पुढे १९२९मध्ये याकोब आकेरेट यांनी वेग आणि ध्वनिवेग यांच्या गुणोत्तराला ‘माख अंक’ म्हटलं आणि विमानापासून रॉकेटपर्यंत माख सगळ्यांच्या तोंडी बसले. प्रश्न माखचा होता, सिद्धान्तही त्यांचा होता, हे खरंच. पण ठिणगी आणि गोळी यांची गाठ घालून देणाऱ्या साल्खरचं नाव तोफखान्याच्या इतिहासाबाहेर कुणी घेत नाही.

ते दोन काळे पाय म्हणजेच आपला ‘टक्’. गोळी ध्वनीपेक्षा वेगात असेल तोवर तो तिच्यासोबत सगळ्या वाटेवर चालतो. त्याला बंदुकीच्या तोंडावर काहीही लावून आवरता येत नाही, कारण तो तिथे जन्मतच नाही. इथे यवतमाळचं ऊनही आपला हात मारतं. हवा जितकी तापलेली तितका ध्वनी वेगवान: डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना सेकंदाला ३३७ मीटर, मे महिन्यात ४५ अंशांना ३५८. म्हणजे ३४५ मीटर वेगाची एखादी पॉइंट टू-टूची गोळी हिवाळ्यात ‘टक्’ करेल आणि उन्हाळ्यात गुपचूप निघून जाईल.

सायलेन्सर सांभाळतो तो फक्त दुसरा आवाज, नळीच्या तोंडाचा. तिथे गोळीमागून शेकडो पट वातावरणीय दाबाचा तापलेला वायू एकदम बाहेर फुटतो. कुकरची वाफ शिट्टीतून हप्त्याहप्त्याने सोडावी आणि झाकणच उडावं, यात जो फरक तोच सायलेन्सर करतो: नळीपुढे एक डबा, त्यात एकामागे एक पडदे, प्रत्येक पडद्याला गोळीपुरतं भोक. वायू पडद्यांमध्ये अडकतो, थंड होतो, रेंगाळत बाहेर येतो. अमेरिकेत १९०९मध्ये याचं पेटंट हायरम पर्सी मॅक्झिमने घेतलं. मोटारगाड्यांच्या धुराड्याचा आवाज दाबण्याच्या कामातही याच गृहस्थाचा हात. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम म्हणजे मशीनगनचे जनक, आणि आपल्याच तोफांच्या भडिमाराने ते उतारवयात बहिरे झाले होते. बापाने आवाज केला, पोराने तो दाबायला घेतला.

दाबतो किती? साधारण २० ते ३५ डेसिबल. मोठ्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो, तो १३०वर येईल. ध्वनीचा दाब तीसेक पट कमी झाला, ही छोटी गोष्ट नाही. फिनलंड-नॉर्वेत शिकारी कान वाचावेत म्हणून सर्रास तो लावतात. पण १३० डेसिबल म्हणजे तरीही कानठळ्याच. शेजारच्या खोलीत चहा पिणाऱ्याला कळणार नाही असं ‘फुस्स’ फक्त सिनेमाच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत होतं. शिवाय आपल्याकडे ही वस्तू साध्या परवान्यावर दुकानातून घेण्यातली नाही.

सायलेन्सरच्या अगदी उलट चालीचा भाऊ म्हणजे मझल ब्रेक. नळीच्या तोंडाला बाजूने खाचा पाडलेल्या असतात, वायू आडवा आणि थोडा मागे फेकला जातो, आणि त्यामुळे खांद्यावरचा धक्का बराच कमी होतो. झाडणारा खूश, शेजारी पडलेला मात्र मेला, कारण तो सगळा दणका त्याच्या कानाशी येतो. ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीत हे ब्रेक लावायला बंदीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं, ते असल्या कुठल्याही उपकरणाशिवाय. पन्नास मीटरवरच्या त्या निशाण्यातलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं.

मग नेमाला तोंडाशी काय लागतं? एक अत्यंत साधी गोष्ट: नळीची कड. गोळी कडेतून सुटते त्या क्षणी मागचा वायू तिला गाठतो आणि क्षणभर तिच्याही पुढे धावतो. कड सगळीकडून सारखी असेल तर हा धक्का चहूबाजूंनी समान बसतो. एका बाजूला खरवडलेली असेल तर वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला बुडाशी टिचकी मारतो. नळी खराब होते ती गोळ्यांनीच असं नाही. ज्यांनी एनसीसीत रायफल साफ केली आहे त्यांना पुलथ्रूची दोरी आणि चार बाय दोन इंचाची चिंदी आठवत असेल. दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली की ती वर्षानुवर्षं कडेच्या एकाच बाजूला घासते. जुन्या थ्री-नॉट-थ्री अशाच दोरीने झिजून निकामी व्हायच्या. शिकवणारे उस्ताद ‘सीधा खींचो’ म्हणून ओरडायचे त्यामागे हे कारण होतं. ते कुणी समजावून सांगितलं असतं तर ओरडावं कमी लागलं असतं.

सायलेन्सरने नेम बिघडतो का, याचं उत्तर त्यामुळे ‘सहसा नाही’ असं आहे. नळीच्या टोकाला वजन आलं की तिचा थरथराट बदलतो आणि गोळ्या थोड्या वेगळ्या जागी पडू लागतात, पण पडतात एकत्रच. दुर्बीण नव्याने जुळवली की काम झालं. डबा वाकडा बसला तर मात्र गोळी पडद्याला घासते, आणि मग नेमाची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही.

नेम खरा घालवतो तो धसका. आवाज आणि दणका येणार हे ठाऊक असल्याने घोडा दाबताना डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, बोट झटका देतं. नवशिक्याला वाटतं रायफल वाकडी आहे. अनुभवी उस्ताद अशा वेळी गुपचूप रिकामं किंवा नकली काडतूस भरून देतात. बार होतच नाही, पण नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. मेंदूने हा धसका एकदा शिकला की तो सुटायला फार काळ जातो, आणि तो शिकू नये म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय कानात बसतो.

आता पत्रातल्या शिट्टीकडे. आपल्या प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मोठ्या आवाजाला कानातला बारीक स्नायू आवळून थोडं संरक्षण देतो, पण त्याला आवळायला सेकंदाचे काही शतांश लागतात, आणि बंदुकीचा बार तेवढ्यात होऊन गेलेला असतो. पहिला फटका बसतो ४००० हर्ट्झच्या आसपास. रातकिड्यांची किरकिर आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा सूर तिथून वर आहे. म्हणून जुन्या नेमबाजाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. उजव्या हाताने झाडणाऱ्याचा डावा कान जास्त बिघडतो, कारण गाल दस्त्यावर टेकला की तोच नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. पॉइंट टू-टूचा आवाज तुलनेने सौम्य. पण पत्र्याच्या शेडखाली ओळीने दहा रायफली वाजल्या तर सौम्यपणा संपतो.

कापसाच्या जिल्ह्यात हे लिहिणं जिवावर येतं, पण कानात कापसाचा बोळा घालून काही होत नाही. लागतो फोमचा प्लग, काही रुपयांचा. तो बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो नुसता शोभेला आहे. वरून इअरमफ चढवला तर पाचेक डेसिबलचा आणखी फायदा होतो, दुप्पट नाही, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडांतून आत शिरतो. शिट्टी दोन दिवसांत थांबली तरी कान पूर्ववत झाला असं धरू नये. पुढच्या कॅम्पाआधी मुलाची ऑडिओमेट्री करून घ्या. आणि शिट्टीसोबत एका कानाने ऐकूच येईनासं झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. सुरुवातीच्या दिवसांत औषधाचा जेवढा उपयोग होतो तेवढा नंतर होत नाही.

हे सगळं चांदमारीपुरतंच आहे असंही नाही. आपल्या नियमांत फटाक्याला चार मीटरवर १४५ डेसिबलपर्यंतची मुभा आहे, आणि कानासाठी धोक्याची रेघ १४०ची मानतात. तूर-हरभऱ्यातली रानडुकरं हाकलायला रात्री मचाणावरून सुतळी बॉम्ब फेकणारा माणूस चार मीटर मोजत बसत नाही. एनसीसीच्या पोराला निदान ‘कान झाका’ म्हणणारा उस्ताद तरी असतो. रानडुकरांपायी पिकाच्या नुकसानीची भरपाई मागण्याचा अर्ज असतो, त्या पिकापायी गेलेल्या कानाचा रकाना मी तरी कुठल्या अर्जात पाहिलेला नाही.