सोडलेल्या जमिनीचा पुरावा कोण गोळा करणार?

आदिवासी जंगल जाळतो, हा आरोप इंग्रजांच्या वनखात्याने केला आणि स्वातंत्र्यानंतरच्या वनखात्याने तो तसाच पुढे चालविला. बैगांची बेवर शेती मोडण्यासाठी १८९० मध्ये त्यांना मंडला जिल्ह्यातील ‘बैगा चक’मध्ये कोंडण्यात आले. ईशान्येत झूमवर काम करणारे कृषी संशोधन केंद्र १९७५ पासून मेघालयात आहे. पण प्रश्न बहुधा एकच विचारला गेला : ही शेती थांबवायची कशी? ती टिकते कशी, हे विचारणारे थोडेच. पी. एस. रामकृष्णन त्यांपैकी एक. जमिनीला दहाएक वर्षे विश्रांती मिळाली तर झूम तग धरते, ती चार-पाच वर्षांवर आली की माती खंगते, हे त्यांनी दाखविले. मग विश्रांतीची वर्षे कमी का झाली? जमीन कोणी आवळली? दोष मात्र कुऱ्हाडीला!

यातली कायद्याची मेख अशी. वनाधिकार कायदा, २००६ हा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मागतो. रायगडच्या डोंगरउतारावर नाचणी, वरी पिकविणाऱ्या कातकरी-ठाकरांची दळीची जमीन त्या साली विश्रांतीला सोडलेली असेल, तर उपग्रहाच्या छायाचित्रात काय दिसणार? झुडपे. ‘ताबा नाही’ असा शेरा मारायला तेवढे पुरते. वास्तविक २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रह छायाचित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही. गावातील वृद्धांची लेखी जबानीही ग्राह्य आहे. फिरत्या शेतीची जमीन ही वनजमीन नव्हे, शेतजमीन मानावी, हे नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानेही मांडले. तालुक्याच्या टेबलावर हे नियम कितीजण उघडतात, हा वेगळा विषय.

म्हणून संशोधन हवे ते गावागावांत. कोणता उतार कोणत्या साली पेरला, किती वर्षे सोडला, तिथे कोणती झाडे उगवली, बियाणे कोणत्या घरातील बाईने जपले, पोटाला किती आले, याची नकाशासह नोंद हवी. आणि ती सरकारी शेऱ्याइतकीच वजनदार हवी. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि कोकणातील कृषी विद्यापीठ यांनी हे काम दळीपासून सुरू करावे. वृद्धांच्या जबान्या आधी घ्याव्यात. सत्तरी ओलांडलेली माणसे प्रत्येक पावसाळ्यागणिक कमी होत आहेत.